एक रेणू, दोन उलट साक्षी

मधुमेहामुळे होणाऱ्या मूत्रपिंडाच्या विकारावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे शास्त्रीय आढावे लिहिले गेले, त्यांत एक चित्र पुन्हा पुन्हा भेटते. डावीकडे 'वाढलेली साखर', उजवीकडे 'निकामी मूत्रपिंड' आणि मध्ये बाणांचे जाळे. जवळजवळ प्रत्येक बाणावर एखाद्या आरएनएचे नाव. हे आरएनए प्रथिन बनवण्याचा संदेश वाहत नाहीत, म्हणून त्यांना 'असांकेतिक आरएनए' म्हणतात. आढाव्याचा समारोपही बहुधा ठरलेला असतो : हे रेणू रोगाची चाहूल लवकर देतील आणि उद्याची औषधे त्यांच्यावरच बेतलेली असतील. वर्तमानपत्रात हीच गोष्ट 'मधुमेहींच्या मूत्रपिंडाची किल्ली सापडली' अशा मथळ्याने येते.

हा दावा कितपत टिकतो, हे या लेखात तपासायचे आहे. शेकडो रेणूंची झडती इथे घेता येणार नाही. या रोगाच्या संदर्भात ज्याचा अभ्यास अगदी सुरुवातीलाच बारकाईने झाला, असा एकच रेणू आम्ही निवडला आहे. त्याचे नाव मायक्रो-आरएनए १९२. त्याची कहाणी नीट पाहिली, तर या संपूर्ण क्षेत्राचे बळ आणि दुबळेपण दोन्ही कळतात.

नावातली गफलत

शाळेत आपण शिकवतो की डीएनएवरून आरएनए बनतो आणि आरएनएवरून प्रथिन. हे बरोबरच आहे, पण त्यातून विद्यार्थ्याची एक समजूत होते की प्रथिन बनवणे एवढाच आरएनएचा उपयोग. खरे तर असांकेतिक आरएनए आपल्या पाठ्यपुस्तकात पूर्वीपासूनच आहेत. रायबोसोममधला आरएनए आणि अमिनो आम्ले वाहून आणणारा आरएनए हे दोन्ही स्वतः कोणत्याही प्रथिनाचा संदेश वाहत नाहीत. पेशीतल्या एकूण आरएनएचा सर्वांत मोठा वाटा रायबोसोमच्या आरएनएचाच असतो. संदेशवाहक आरएनए अवघे काही टक्के. म्हणजे 'असांकेतिक' हा अपवाद नाही, वजनाने पाहिले तर तोच नियम आहे.

नवे काय कळले, तर काही आरएनए दुसऱ्या आरएनएवर नियंत्रण ठेवतात. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोज, रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत केवळ २२ अक्षरांचा आरएनए शोधला. गॅरी रव्हकन यांच्या गटाने त्याच वेळी दाखवले, की हा तुकडा दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला अंशतः जुळतो आणि त्यापासून प्रथिन बनू देत नाही. पुढची सात वर्षे ही त्या कृमीचीच एक लकब समजली गेली. २००० साली तसाच दुसरा आरएनए मिळाला आणि तो माणसासह अनेक प्राण्यांत सापडला, तेव्हा विषयाचा रंगच पालटला. या शोधाबद्दल अँब्रोज आणि रव्हकन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मायक्रो-आरएनएची एक गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवली पाहिजे. तो आपले लक्ष्य ओळखतो ते मुख्यतः सात-आठ अक्षरांच्या जुळणीवरून. एवढी आखूड जुळणी शेकडो संदेशांत आढळते. म्हणून एक मायक्रो-आरएनए शेकडो जनुकांवर थोडा थोडा परिणाम करतो. तो एका दिव्याचे बटण नाही. पुष्कळ नळ किंचित कमी-जास्त करणारा हात आहे.

दोनशेहून अधिक अक्षरांच्या आरएनएला 'दीर्घ असांकेतिक आरएनए' म्हणतात. यांच्याबाबत मतांचा लंबक फार झुलला आहे. मानवी डीएनएतील जेमतेम दीड टक्का भाग प्रथिनांचा संकेत बाळगतो. उरलेल्यापैकी पुष्कळसा भाग निरुपयोगी असावा, असे सुसुमु ओहनो यांनी १९७२ मध्ये सुचवले होते. २०१२ मध्ये 'एनकोड' या मोठ्या प्रकल्पाने डीएनएच्या ८० टक्के भागाला काही ना काही जैवरासायनिक कार्य असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी डॅन ग्राऊर आणि सहकाऱ्यांनी त्यावर कडक टीका केली : एखाद्या भागावरून आरएनए बनतो, याचा अर्थ त्या आरएनएचा जिवाला उपयोग असतोच असे नाही. ही टीका आम्हाला रास्त वाटते. रेणू आढळणे ही एक गोष्ट आणि त्याला काम असणे ही दुसरी.

गाळणीत काय बिघडते

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. केशवाहिन्यांच्या या गुच्छांना ग्लोमेरुलस म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातले जवळजवळ सगळे पाणी आणि उपयुक्त पदार्थ पुढच्या नलिका परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर मूत्र उरते. गाळणी आणि नलिका यांतला हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

मधुमेहात वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली, की गाळणीतल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी आपल्याभोवती कोलॅजेनसारखी प्रथिने साठवू लागतात. १९३६ साली पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी मधुमेही रुग्णांच्या गाळण्यांत ज्या गाठी पाहिल्या, त्या याच साठ्याच्या. केशवाहिन्यांना बाहेरून पायांनी वेढणाऱ्या पेशी गळून पडतात आणि रक्तातले अल्ब्युमिन मूत्रात उतरू लागते. पुढे नलिकांभोवतीही जखमेच्या व्रणासारखे तंतू साचतात. या साऱ्या प्रकाराला चालना देणारे एक प्रमुख प्रथिन म्हणजे टीजीएफ-बीटा.

पहिली साक्ष

२००७ साली कॅलिफोर्नियातील 'सिटी ऑफ होप' संस्थेतील मित्सुओ काटो, रमा नटराजन आणि सहकाऱ्यांनी मायक्रो-आरएनए १९२ वरचा निबंध प्रसिद्ध केला. उंदराच्या मेसँजियल पेशींना टीजीएफ-बीटा दिले, की हा रेणू वाढतो. मधुमेही उंदरांच्या गाळण्यांतही तो वाढलेला दिसला. त्याचे लक्ष्य सिप-१ नावाचे प्रथिन. हे सिप-१ कोलॅजेनच्या जनुकाला दाबून ठेवते. मायक्रो-आरएनए १९२ वाढला, की सिप-१ घटते, कोलॅजेनवरचा दाब सुटतो आणि गाळणीत तंतू साचतात.

हे काम चांगले आहे, हे आधी सांगितले पाहिजे. लेखकांनी केवळ 'रोगात अमुक रेणू वाढतो' एवढ्यावर समाधान मानले नाही; वाढ, लक्ष्य आणि परिणाम यांची कडी जोडून दाखवली. २०१२ मध्ये त्याच गटाने या रेणूला अडवणारा एक कृत्रिम तुकडा मधुमेही उंदरांना टोचला. तंतू कमी साचले आणि मूत्रातले प्रथिनही घटले. आरोपीला रोखल्यावर गुन्हा थांबला, तर पुरावा भक्कम म्हणायचा. या साक्षीनुसार मायक्रो-आरएनए १९२ दोषी.

दुसरी साक्ष

मात्र मधल्या काळात, २०१० साली, वेल्समधील कार्डिफच्या संशोधकांनी नेमके उलटे लिहिले. त्यांनी माणसाच्या नलिकांतल्या पेशी घेतल्या. तिथे टीजीएफ-बीटा दिल्यावर मायक्रो-आरएनए १९२ घटला. मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडातून काढलेल्या तुकड्यांत हा रेणू जितका कमी, तितके नलिकांभोवतीचे तंतू जास्त आणि मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता कमी. पेशींत हा रेणू मुद्दाम वाढवला, तर टीजीएफ-बीटाचा वाईट परिणाम उलट सौम्य झाला. या साक्षीनुसार मायक्रो-आरएनए १९२ रक्षणकर्ता.

आता खरी गंमत पाहा. कार्डिफच्या गटाने या रेणूचे जे लक्ष्य दाखवले, त्यातले एक झेब-२ नावाचे प्रथिन. झेब-२ आणि सिप-१ ही एकाच प्रथिनाची दोन नावे आहेत! रेणू एक, लक्ष्य एक, रोग एक. निष्कर्ष मात्र दोन टोकांचे.

यात कोणीतरी खोटे बोलत असले पाहिजे, असा निष्कर्ष घाईने काढू नये. झेब-२ चे काम जनुकांना दाबून ठेवण्याचे. आता एक पहारेकरी कल्पा, जो ज्या दारावर उभा करावा ते दार बंद ठेवतो. त्याला दारूच्या गुत्त्याच्या दारावर ठेवले तर गावाचे भले. ग्रंथालयाच्या दारावर ठेवले तर नुकसान. मायक्रो-आरएनए १९२ या पहारेकऱ्याला हटवतो, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. मेसँजियल पेशीत पहारेकरी कोलॅजेनच्या दारावर होता. तो हटला की कोलॅजेन सुटते. नलिकेच्या पेशीत तो ई-कॅडहेरिनच्या दारावर उभा होतो. ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी घट्ट जोडून ठेवणारे प्रथिन. तिथे पहारेकरी हटला तर पेशींची वीण शाबूत राहते. म्हणून 'हा रेणू चांगला की वाईट?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पेशीत, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

तरीही सगळा गुंता सुटत नाही. पेशीनुसार परिणाम वेगळा का, हे पहारेकऱ्यावरून कळते. पण तेच टीजीएफ-बीटा एका पेशीत हा रेणू वाढवते आणि दुसरीत घटवते, ते का? 'एक उंदीर, दुसरा माणूस' असे म्हणून भागत नाही, कारण २०१० सालीच मेलबर्नच्या एका गटाला मधुमेही उंदरांतही हा रेणू घटलेला आढळला होता.

घट की गळती?

मानवी तुकड्यांवरच्या निरीक्षणाबाबत आमचा आणखी एक आक्षेप आहे. मायक्रो-आरएनए १९२ मूत्रपिंडाच्या बाह्यभागात भरपूर असतो आणि त्या भागाचे बहुतेक वजन नलिकांचे असते. रोग पुढे सरकतो तशा नलिका मरतात आणि त्यांची जागा तंतू घेतात. असा तुकडा कुटून त्यातला आरएनए मोजला, तर नलिकांचा रेणू कमी भरणारच. एखाद्या गावातून कुटुंबे स्थलांतर करून गेली आणि शाळेत दप्तरे कमी मोजली गेली, तर दप्तरे घटल्यामुळे गाव ओस पडले असे आपण म्हणणार नाही. घट हे कारण आहे की परिणाम, हे सहसंबंधावरून ठरत नाही. कार्डिफच्या गटाने पेशींवर वेगळे प्रयोग केले, म्हणून त्यांचा युक्तिवाद केवळ सहसंबंधावर उभा नाही, हेही नमूद केले पाहिजे. मात्र पुढच्या अनेक निबंधांत असे प्रयोग नसतात. रुग्णांच्या रक्तात किंवा मूत्रात एक रेणू वाढलेला किंवा घटलेला दिसतो, आणि लगेच त्याला रोगाच्या कारणांच्या यादीत बसवले जाते.

आढाव्यांवरचा आमचा मुख्य आक्षेप इथेच आहे. मूळ निबंधात 'उंदराच्या मेसँजियल पेशीत' असे स्पष्ट लिहिलेले असते. आढाव्याच्या तक्त्यात त्याचे 'मधुमेही मूत्रपिंडात वाढतो' असे होते. चित्रात फक्त बाण उरतो. प्रत्येक पायरीवर एकेक अट गळते आणि शेवटी वाचकाच्या हाती येते ते बिनशर्त विधान. दोन उलट साक्षी असतील, तर काही आढावे दोन्ही निबंध शेजारी शेजारी नोंदवतात आणि 'अधिक संशोधनाची गरज आहे' म्हणून पुढे जातात. समीक्षकाचे काम तिथे संपत नाही, तिथे सुरू होते.

दीर्घ आरएनएंबाबत आणखी एक युक्तिवाद लोकप्रिय आहे. दीर्घ आरएनए स्पंजासारखा मायक्रो-आरएनए शोषून घेतो आणि त्यामुळे त्याची लक्ष्ये मोकळी होतात, असा तो युक्तिवाद. तो आकर्षक आहे, पण इथे हिशेब पाहिला पाहिजे. पेशीत मायक्रो-आरएनएच्या हजारो प्रती आणि त्याला जुळणाऱ्या हजारो जागा असतील, तर काही डझन प्रतींचा स्पंज किती शोषणार? घागरभर पाणी टिपकागदाने आटत नाही. २०१४ साली स्वित्झर्लंड आणि अमेरिका येथील संशोधकांनी यकृतातल्या एका मायक्रो-आरएनएबाबत अशी प्रत्यक्ष मोजदाद केली, तेव्हा परिणाम दिसण्यासाठी स्पंजाचे प्रमाण नैसर्गिक प्रमाणापेक्षा खूपच जास्त लागते असे आढळले. 'अमुक आरएनए तमुकाला शोषतो' असे विधान वाचताना दोघांच्या प्रती किती, हे पाहावे. पुष्कळदा तो आकडाच दिलेला नसतो.

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत

इथे कोणी म्हणेल, 'तपशिलांचे वाद शास्त्रज्ञांचे. औषध लागू पडले की झाले.' तीही कसोटी लावून पाहू.

मायक्रो-आरएनए २१ हा तंतू साचण्याशी जोडला गेलेला दुसरा प्रसिद्ध रेणू. अल्पोर्ट सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक मूत्रपिंडविकार आहे. तो मधुमेहाचा नव्हे, पण त्यातही शेवटी तंतू साचतात. २०१५ साली या विकाराच्या उंदरांत मायक्रो-आरएनए २१ ला अडवले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे सुधारली आणि ते अधिक काळ जगले. त्या आधारावर लॅडेमिर्सन नावाचे औषध माणसांत तपासले गेले. मधल्या टप्प्यावर आकडे पाहिले तेव्हा फायदा होण्याची शक्यता दिसेना, आणि २०२२ मध्ये चाचणी थांबवण्यात आली. उंदीर सुधारले, रुग्ण सुधारले नाहीत.

याचा अर्थ आरएनएवर आधारलेली औषधे फोल आहेत, असा मुळीच नाही. २०२० मध्ये लुमासिरान या औषधाला मान्यता मिळाली. एका दुर्मिळ आनुवंशिक विकारात यकृत जास्त ऑक्झलेट बनवते आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. लुमासिरान हा एक छोटा कृत्रिम आरएनए आहे. तो यकृतातल्या एका विकराचा संदेशवाहक आरएनए नष्ट करतो आणि ऑक्झलेट घटते. फरक पाहा. इथे रोगाचे कारण एका जनुकात निश्चित ठाऊक आहे, लक्ष्य एक आहे आणि औषध ज्या यकृतात पोचवायचे, तिथे ते सहज पोचते. मधुमेही मूत्रपिंडात कारणे अनेक, लक्ष्ये शेकडो आणि पेशींचे प्रकारही अनेक, शिवाय काही पेशींत उलट परिणाम होण्याची भीती. पहिल्या यशावरून दुसऱ्याची हमी देता येत नाही.

मग आज काय आहे?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. गोव्यात हे प्रमाण सर्वांत जास्त, म्हणजे प्रौढांत २६.४ टक्के आढळले. मधुमेहींपैकी साधारण २० ते ४० टक्के लोकांना पुढे मूत्रपिंडाचा विकार जडतो. आपल्या शिक्षकखोलीतही यातले कोणी ना कोणी बसलेले असणार.

त्यांच्यासाठी उपाय नाहीत असे नाही. १९९३ साली पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या ४०९ रुग्णांवरील चाचणीत कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाने क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका ४८ टक्क्यांनी कमी झाला. २०१९ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या ४,४०१ रुग्णांवरील चाचणीत कॅनाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या मुख्य घटनांचा धोका ३० टक्क्यांनी घटवला. यातले एकही औषध असांकेतिक आरएनएच्या संशोधनातून आलेले नाही. आणि चाहूल घेण्यासाठी मूत्रातील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन या दोन साध्या चाचण्या आहेत. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाल्यापासून आणि पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर, त्या दरवर्षी करायच्या असतात. रोगाच्या सुरुवातीला काही दुखत-खुपत नाही, म्हणून त्या राहून जातात. 'लवकरच एक नवी आरएनए चाचणी येणार आहे' असे वाचून कोणी आजची साधी चाचणी पुढे ढकलली, तर त्या मथळ्याने प्रत्यक्ष नुकसान केले असे म्हणावे लागेल. नव्या चाचणीला स्वतःची उपयुक्तता सिद्ध करायची असेल, तर निरोगी माणूस आणि रुग्ण यांतला फरक दाखवणे पुरेसे नाही. या दोन जुन्या चाचण्यांना जे कळत नाही, ते तिने सांगितले पाहिजे.

आमचा निष्कर्ष असा. असांकेतिक आरएनए पेशीचा कारभार चालवण्यात भाग घेतात, हे निर्विवाद आहे. मधुमेही मूत्रपिंडात त्यांचे प्रमाण बदलते, हेही खरे. काही प्रयोगांत त्यांना अडवून प्राण्यांतला रोग सौम्य झाला आहे. पण 'किल्ली सापडली' म्हणण्याइतका पुरावा नाही. मायक्रो-आरएनए १९२ च्या दोन साक्षींनी शिकवले ते हे, की रेणूला स्वतःचा चांगला-वाईट स्वभाव नसतो. त्याचे काम पेशी, काळ आणि प्रमाण यांवर ठरते.

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना या गोष्टीचा वर्गात चांगला उपयोग होईल. दोन्ही साक्षी फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारावेत : प्रयोग कोणत्या पेशीत झाला? वाढ-घट फक्त पाहिली, की मुद्दाम घडवून परिणाम तपासला? प्रती किती होत्या? प्राण्यात दिसले ते माणसात दिसले का? या प्रश्नांसाठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि पुढे कोणत्याही रोगाची 'किल्ली' वर्तमानपत्रात वाचताना हेच प्रश्न विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतील.